आधी हकीकत, मग तपासणी

नाशिकच्या अशोक स्तंभापासून गंगापूर रोडने आनंदवल्लीकडे निघालं की दवाखाने, सोनोग्राफी सेंटर आणि पॅथॉलॉजी लॅब यांच्या पाट्या काही पाठ सोडत नाहीत. 'थायरॉइड प्रोफाइल', 'पीसीओडी पॅकेज', 'फुल बॉडी चेकअप' अशी पॅकेजं सवलतीत मिळतात. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्यात एखादा आकडा ठळक अक्षरात दिसला की घरात घबराट, आणि सगळे आकडे मर्यादेत असले की 'मला काही झालेलं नाही' असा निर्वाळा. हार्मोनच्या आजारांत या दोन्ही गोष्टी फसवतात. कोणती तपासणी करायची, दिवसाच्या कोणत्या वेळी करायची आणि आलेल्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं, हे सगळं रुग्णाच्या हकीकतीवरून ठरतं. ती हकीकत नीट सांगता यावी, एवढ्यासाठी हा लेख.

पिट्युटरी, थायरॉइड, पॅराथायरॉइड, ॲड्रिनल, स्वादुपिंड, स्त्रियांचे बीजकोष, पुरुषांचे वृषण या ग्रंथी आपली रसायनं, म्हणजेच हार्मोन, थेट रक्तात सोडतात. रक्त जिथे जातं तिथे त्यांचा परिणाम होतो. म्हणून एका ग्रंथीचा आजार केसांत, त्वचेत, पोटात, पाळीत आणि मनःस्थितीत एकाच वेळी दिसतो. आपण मात्र केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञ, पाळी बिघडली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बद्धकोष्ठता झाली म्हणून मेडिकलमधून चूर्ण, असे तीन दरवाजे ठोठावतो. तिन्ही तक्रारी एका कागदावर कधी येतच नाहीत. फॅमिली डॉक्टर होते तेव्हा हे काम त्यांच्याकडे आपोआप होत असे. आता ते आपल्यालाच करावं लागतं.

नुसता थकवा म्हणजे हार्मोनचा आजार नव्हे. रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, झोप न होणं, नैराश्य, यांतलं काहीही असू शकतं. संशय घ्यायचा तो तक्रारींच्या जोडीवर आणि बदलावर. पूर्वी कसं होतं, आता कसं आहे, कधीपासून, आणि त्याच सुमारास आणखी काय बदललं?

थंडीचंच घ्या. डिसेंबरात निफाडचा पारा खाली आला की नाशकात सगळ्यांनाच हुडहुडी भरते, त्यावरून काही ठरत नाही. पण मार्चमध्ये घरातल्यांनी पंखा लावला आणि एकटी आई शाल शोधते आहे, तिचा आवाज जाड झालाय, शौचाला साफ होत नाही, त्वचा कोरडी पडली आहे, सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटतो, तर थायरॉइड मंद असण्याची शक्यता बरीच वाढते. पाळी चालू असलेल्या बाईला याच्या जोडीला अंगावरून जास्त जातं. डॉक्टर अशा वेळी नाडी मोजतात आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारून पाहतात. पाऊल चटकन हलतं, पण जागेवर परतताना रेंगाळतं. हे चिन्ह डोळ्यांनी दिसतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांचं थायरॉइड मंद आढळलं. असं असलं तरी वाढलेल्या प्रत्येक किलोचं खापर थायरॉइडवर फोडू नये. या आजाराने साधारण दोन-चार किलो वजन वाढतं आणि त्यातही पाण्याचा भाग मोठा असतो. पंधरा-वीस किलो वाढले असतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

थायरॉइड मंदावलं की पिट्युटरीचं जे हार्मोन वाढतं, त्या टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी असते. ती ओलांडून आकडा ६ किंवा ७ आला, तक्रार काहीच नाही, तर लगेच जन्मभराची गोळी सुरू करण्याची घाई नको. थायरॉइडच्या स्वतःच्या फ्री टी-फोर या हार्मोनसह तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची आणि गरज वाटल्यास अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं) पाहायचं. गर्भवती किंवा गर्भधारणेच्या तयारीत असलेली स्त्री मात्र याला अपवाद आहे. तिने रिपोर्ट हातात पडला की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावं, कारण पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बायोटिनमुळे अनेक लॅबच्या यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसू शकतो, म्हणजे थायरॉइड धावत असल्याचा भास होतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, आणि डोस मोठा असेल तर डॉक्टर सांगतील तितके जास्त दिवस त्या बंद ठेवाव्यात. थायरॉइडची गोळी सुरू असेल तर ती उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या आणि फिरायला निघा. आकाशवाणी टॉवरला वळसा घालून घरी येईपर्यंत तास होतो, मग चहा घ्यावा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तासांनंतर. डोस बदलला की फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांनी केलेल्या तपासणीतून काही कळत नाही.

थायरॉइड धावत असेल तर चित्र उलटं होतं. भूक चांगली असूनही वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसवत नाही, पातळ शौचाला होते, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. सत्तरीच्या आजोबांत मात्र कधी कधी यातलं काहीच दिसत नाही. फक्त नाडी अनियमित होते आणि सगळं लक्ष हृदयाकडे जातं. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत धडधड आणि वजन घटणं दिसलं तर तो ग्रंथीचा तात्पुरता दाह असू शकतो आणि तो बहुधा आपोआप ओसरतो, म्हणून तिथे गोळ्यांची घाई नसते. धावणारं थायरॉइड आवरणारी कार्बिमॅझोल घेणाऱ्याला ताप आला आणि घसा दुखू लागला तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. ही गोळी क्वचित त्या पेशीच एकदम खाली आणते.

घरच्या घरी मान पाहायची असेल तर आरशासमोर उजेडात उभं राहा, हनुवटी थोडी वर करा आणि पाण्याचा एक घोट गिळा. कंठमण्याच्या खाली एखादा उंचवटा गिळताना वर सरकताना दिसला तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण कोणती साधी आणि कोणती नाही हे सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी सांगते. रक्ताच्या रिपोर्टवरून ते कळत नाही.

आता अशा एका आजाराबद्दल, जो नाशिक जिल्ह्यासारख्या ठिकाणी प्रत्येक डॉक्टरच्या आणि प्रत्येक घराच्या ध्यानात असायला हवा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवरून दवाखाना लांब असतो आणि पूर्वी तर तो फारच लांब होता. समजा, अशा एखाद्या पाड्यावरच्या बाईला बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण बाळाला पाजायला दूध आलंच नाही. पाळी पुन्हा सुरू झाली नाही. घरच्यांनी 'अंगात रक्त नाही' म्हणून सोडून दिलं. काखेतले केस गेले, चेहरा फिकट झाला, काम होईना. दहा-पंधरा वर्षांनी साध्या जुलाबाचं निमित्त झालं आणि ती शुद्ध हरपून दवाखान्यात आली. तपासलं तर सोडियम आणि साखर दोन्ही खाली.

याला शीहान सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणात पिट्युटरी ग्रंथी मोठी झालेली असते. प्रचंड रक्तस्रावाने तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा बराच भाग मरतो. पिट्युटरी इतर ग्रंथींवर हुकूम चालवते, त्यामुळे थायरॉइड, ॲड्रिनल आणि बीजकोष तिन्ही मंदावतात. इथे पॅकेजमधला टीएसएच हमखास दगा देतो, कारण टीएसएच बनवणारी पिट्युटरीच आजारी असते. आकडा 'नॉर्मल' येतो आणि बाईला घरी पाठवलं जातं. फ्री टी-फोर आणि ॲड्रिनलच्या कॉर्टिसोल या हार्मोनची सकाळची तपासणी केली की सत्य समोर येतं. उपचारांचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी कॉर्टिसोलची भरपाई, मग थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर रुग्ण कोसळू शकतो. हे सगळं टाळायला 'बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का, आणि नंतर दूध आलं होतं का?' हा प्रश्न पुरतो. घरात अशी आजी, मावशी, कामाला येणारी बाई असेल तर तिला विचारा. तिच्या कोणत्याही केसपेपरवर हा प्रश्न लिहिलेला नसण्याची शक्यता दांडगी आहे.

दुसरा आजार शहरातला आहे आणि बहुतांशी आपण ओढवून घेतलेला. चेहरा गोल आणि लाल, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट सुटलेलं पण हात-पाय काटकुळे, जरा लागलं की काळंनिळं, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, आणि जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. शरीरात कॉर्टिसोल फार झाल्याची ही चिन्हं आहेत. गरोदरपणात किंवा वजन वाढल्यावर येणारे फिकट पट्टे वेगळे, हे जांभळे आणि रुंद असतात. पिट्युटरी किंवा ॲड्रिनलच्या गाठीने असं होतं, पण ते क्वचित. बहुतेकांच्या बाबतीत स्टेरॉइड बाहेरून आलेलं असतं. सांधेदुखीवरची बिननावाची पुडी, दम्यासाठी कुणीतरी दिलेली 'गावठी' गोळी, गोरेपणासाठी वर्षानुवर्षं लावलेलं मलम. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं देशभर आहेत. स्टेरॉइड असलेली अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरीही काउंटरवर नाव सांगितलं की ट्यूब हातात पडते, हे आपण सगळे जाणतो.

अशी पुडी घातक आहे हे कळल्यावर माणूस रागाने ती एका दिवसात बंद करतो, आणि तिथेच मोठा धोका असतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. अचानक बंद केलं की उलट्या, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं, इथपर्यंत मजल जाते. डॉक्टरांना पुडी दाखवून ते सांगतील तसं हळूहळू कमी करावं.

कॉर्टिसोल कमी पडण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे ॲडिसनचा आजार. आपल्याकडे त्यामागे क्षयरोगही असू शकतो. वजन घटतं, उभं राहिलं की चक्कर येते, खारट खावंसं वाटतं आणि रंग काळवंडतो. उन्हातल्या कामाने काळवंडलेला हात आणि हा काळेपणा यांत फरक ओळखता येतो. तळहाताच्या रेषा, हिरड्या, बोटांचे पेर, जुने व्रण असे ऊन न लागणारे किंवा घासले जाणारे भागही इथे गडद होतात.

मुलींच्या 'पीसीओडी'बद्दल इतकं छापून येतं की इथे दोन-तीनच गोष्टी सांगतो. सोनोग्राफीत बीजकोषात लहान लहान गाठी दिसल्या म्हणजे निदान झालं असं नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची चिन्हं किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफी, या तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत तर सोनोग्राफीचा आधारच घेऊ नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं, कारण त्या वयात असं चित्र निरोगी मुलींतही दिसतं. नाव चिकटवण्याआधी टीएसएच, दूध आणणारं प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन पाहिलेलं असावं. आणि काही महिन्यांतच आवाज घोगरा होऊन दाढीचे केस भराभर वाढू लागले तर हा साधा पीसीओडी नव्हे. गाठ आहे का ते तातडीने शोधावं लागतं.

मानेमागचा, काखेतला मखमली काळा थर कितीही घासला तरी जात नाही. तो मळ नसून बहुधा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते, आणि त्यासाठी माणूस लठ्ठच असावा लागतो असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांचे स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून असलेली आढळली. 'मी तर बारीक आहे, मला कशाला मधुमेह?' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. पुरुषांत कमर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की वजनकाटा काहीही सांगो, साखर तपासावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. तक्रारी नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी चुकवू शकतं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र खात्रीसाठी थांबायचं नाही. रात्री अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल पुन्हा करू लागलं, सारखं पाणी पितंय, वाळत चाललंय, तर त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर एक थेंब रक्त पाहा. पोटदुखी, उलट्या आणि जोरजोराने श्वास सुरू झाला असेल तर थेट रुग्णालय गाठा.

उंचीची तक्रार पालक फार उशिरा घेऊन येतात. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. वर्षभरात चारच सेंटिमीटर वाढलं तर दाखवावं. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय मुलांसाठी तयार केलेले आलेख भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारले. लसीकरणाच्या फायलीत ते लावून घ्या आणि दर सहा महिन्यांनी नोंद करा. आई-बाबांच्या सेंटिमीटरमधल्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा आणि दोनाने भागा. अपेक्षित उंचीचा अंदाज येतो. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची चिन्हं दिसली, किंवा मुलगी तेरा आणि मुलगा चौदा वर्षांचा होऊनही काहीच चिन्ह नसेल, तर वाट पाहू नये. नवजात बाळाची टीएसएच तपासणी झाली आहे ना, हे प्रसूतिगृहातून निघतानाच विचारा. जन्मतः थायरॉइड नसलेलं बाळ पहिले काही आठवडे अगदी नेहमीसारखं दिसतं आणि तेवढ्या काळात मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. गोव्यात सरकारने २००८ मध्ये नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू केला; आपल्याकडे अजून पालकांनी विचारणं शहाणपणाचं.

उरलेल्या खुणा थोडक्यात. अंगठी आणि चपलेचा नंबर पस्तिशीनंतर वाढत जाणं. तिशीच्या आत रक्तदाब, किंवा रक्तदाबाबरोबर पोटॅशियम कमी. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे एकत्र येणारे झटके. पुन्हा पुन्हा होणारे मूतखडे. असे खडे होणाऱ्यांनी एकदा रक्तातलं कॅल्शियम नक्की पाहावं. बाळंतपण नसताना स्तनातून दूध येणं. दूध येण्यामागे पिट्युटरीची गाठ असू शकते, पण आधी औषधांची यादी पाहा. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड आणि काही मानसोपचाराची औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. ॲसिडिटीची कॅप्सूल डॉक्टरांना विचारून बदलली की अनेकदा प्रश्न मिटतो. मानसोपचाराची औषधं मात्र स्वतःहून थांबवू नका. डोकेदुखीबरोबर दोन्ही बाजूंचं कमी दिसायला लागलं, गाडी चालवताना कडेची माणसं दिसेनाशी झाली, तर एमआरआयला उशीर नको.

तपासणीची वेळ पाळली नाही तर पैसे वाया जातात. कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, एलएच-एफएसएच पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, प्रोलॅक्टिन थोडं शांत बसून झाल्यावर. संध्याकाळी ऑफिसातून परतताना दिलेल्या रक्तातून कॉर्टिसोलबद्दल फारसं काही कळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना एक पानभर लिहून न्या: कोणती तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, वजन आधी किती आणि आता किती, पाळीच्या तारखा, बाळंतपणांची हकीकत, घरात कुणाला थायरॉइड किंवा मधुमेह. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांबरोबर काढे, पुड्या, मलमं आणि जिमची पावडरही पिशवीत घाला. पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो न्या. चेहऱ्यातला हळूहळू होणारा बदल घरच्यांना दिसत नाही, फोटोत दिसतो.

सुरुवात आपल्या नेहमीच्या फिजिशियनपासून करा. साध्या थायरॉइडसाठी आणि मधुमेहासाठी प्रत्येकाला हार्मोनतज्ज्ञ लागत नाही. पिट्युटरी, ॲड्रिनल, मुलांची वाढ यांसाठी मात्र लागतो. खर्च पेलणारा नसेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि गुंतागुंतीच्या आजारासाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात स्वतंत्र एंडोक्रायनॉलॉजी विभाग आहे. हार्मोनतज्ज्ञाची वेळ घेताना शक्यतो संध्याकाळची गर्दी टाळून सकाळची घ्या आणि 'फक्त रिपोर्ट दाखवायचा आहे' असं न सांगता 'पहिलीच भेट आहे, हकीकत सांगायची आहे' असं सांगा.